मुतागुचीने हाराकिरी केली नाही, तो १९६६पर्यंत जगला

‘जपानी सेनापती रेन्या मुतागुची यांना शतशः नमन’ असा एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. परवा मावशीने तो घरच्या ग्रुपवर टाकला, खाली हात जोडलेल्यांची रांग लागली, आणि आता मावसभावाची मुलगी म्हणे तो तेवीस जानेवारीच्या शाळेतल्या भाषणात घेणार आहे. मेसेजचा सारांश असा: या सेनापतीने केवळ नेताजींना दिलेल्या शब्दाखातर १९४४मध्ये इंफाळवर स्वारी केली, दिल्ली टप्प्यात आली असताना अवकाळी पावसाने घात केला, पराभव सहन न होऊन त्याने हाराकिरी केली आणि भारतासाठी प्राण दिले, आशियाची मुक्ती हेच त्याचं आयुष्यभराचं ध्येय होतं. सोबत जाडजूड, करारी चेहऱ्याच्या एका जपानी अधिकाऱ्याचा फोटो.

सुरुवात हाराकिरीपासूनच करतो. मुतागुची २ ऑगस्ट १९६६ रोजी वारला, वयाच्या ७७व्या वर्षी. इंफाळनंतर त्याला १५व्या आर्मीच्या प्रमुखपदावरून काढलं, राखीव यादीत टाकलं आणि पुढच्याच महिन्यात पुन्हा बोलावून लष्करी अकादमीच्या पूर्वतयारी शाळेचा प्रमुख केलं. तीस हजार माणसं घालवल्याची एवढीच शिक्षा! युद्धानंतर संशयित युद्धगुन्हेगार म्हणून त्याला सिंगापूरला नेलं, तिथून १९४८मध्ये सुटून तो घरी आला.

आत्महत्येची भाषा मात्र त्याने केली होती, एवढं मेसेजवाल्याला देऊन टाकतो. माघार सुरू असताना तो फुजिवारा इवाइची या स्टाफ ऑफिसरला म्हणाला, की एवढे सैनिक गमावल्यावर मला पोट फाडून घ्यावंसं वाटतं, तुझं काय मत? फुजिवाराने सुनावलं ते असं: मरतो मरतो म्हणणारा कधी मेल्याचं ऐकलेलं नाही, खरंच मरायचं असेल तर कोणाला न सांगता मरा, कोणी अडवणार नाही. हा फुजिवारा म्हणजे तोच, ज्याने मलायात कॅप्टन मोहनसिंगांशी बोलणी केली आणि आझाद हिंद सेनेच्या पहिल्या उभारणीत ज्याचा हात होता. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत मुतागुची काय करत होता? चूक आपली नव्हती, हाताखालच्यांची होती, हे पटवत होता. त्याच्या अंत्यविधीला आलेल्या लोकांच्या हातातसुद्धा त्याच मजकुराची पत्रकं ठेवली गेली.

आता नेताजींना दिलेला शब्द. ७ जानेवारी १९४४ रोजी टोकियोच्या इम्पीरियल हेडक्वार्टर्सने या स्वारीला मंजुरी दिली. त्या आदेशातलं उद्दिष्ट वाचा: ब्रह्मदेशाच्या संरक्षणासाठी, योग्य वेळी, समोरच्या शत्रूचा पाडाव करून इंफाळजवळचा ईशान्य भारतातला मोक्याचा प्रदेश ताब्यात घ्यावा. दिल्ली नाही, भारताची मुक्ती नाही. ब्रह्मदेश राखायला पुढची टेकडी हवी होती, ती आपल्या हद्दीत होती. शिवाय तारखा जुळत नाहीत. नेताजी पाणबुडीने येऊन टोकियोत पोचले मे १९४३मध्ये. तोवर मुतागुचीच्या डोक्यात आसाम पक्का बसला होता, इतका की रसद पोचणार नाही असं सांगणाऱ्या स्वतःच्याच चीफ ऑफ स्टाफची, ओबाताची, त्याने त्याच सुमारास उचलबांगडी केली. गंमत म्हणजे १९४२मध्ये अशीच योजना पुढे आली तेव्हा ‘हा मुलूख पार करता येणार नाही’ म्हणून खुद्द मुतागुचीनेच मोडता घातला होता. ब्रिटिश सेनानी विंगेटची तुकडी तोच मुलूख ओलांडून आली आणि साहेबांचं मत फिरलं.

नेताजींविषयी त्याला आदर होता, हे खरं. आझाद हिंद सेनेला फक्त हेरगिरी आणि प्रचाराला वापरा, असं म्हणणाऱ्या जपानी वरिष्ठांपेक्षा तो बरा होता. पण राज्यकर्त्यांनी नेताजींचा राजकीय उपयोग पाहणं वेगळं आणि शब्दाखातर स्वारी करणं वेगळं.

पावसाचा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्यात मेलेल्यांचा दोष आभाळावर ढकलला जातो. ईशान्येत मे-जूनमध्ये पडतो तो पाऊस अवकाळी असेल, तर आंबोलीतही दरवर्षी अवकाळीच पडतो म्हणायचं. पाऊस येणार हे सगळ्यांना माहीत होतं. मुतागुचीने सैनिकांना दिलं होतं तीन आठवड्यांचं अन्न. २९ एप्रिलला, सम्राटाच्या वाढदिवसापर्यंत, इंफाळ पडणारच, असा त्याचा हिशेब. बाकीच्या रसदेसाठी त्याने चंगीझखानाची युक्ती काढली: ब्रह्मी शेतकऱ्यांचे बैल आणायचे, पाठीवर ओझं लादायचं, ओझं संपलं की बैलच खायचे. नांगराच्या बैलांना पाठीवर ओझ्याची सवय नव्हती. कितीतरी बैल चिंदविन नदी ओलांडतानाच वाहून गेले, कितीतरी डोंगरात कोसळले, आणि त्यांच्यासोबत तांदूळ आणि दारूगोळाही गेला. कोहिमाला ३१व्या डिव्हिजनचा प्रमुख सातो अन्नासाठी तारा करून थकला, शेवटी आदेश धुडकावून मेअखेर माणसं घेऊन मागे फिरला. जपानी सैन्यात असं आधी घडलं नव्हतं. कोर्ट-मार्शल झालं तर सातो सगळं बाहेर काढेल, म्हणून त्याला मानसिक संतुलन ढळलेला ठरवून प्रकरण मिटवलं. बाकीचे दोन्ही डिव्हिजन-प्रमुखही मोहीम चालू असतानाच बदलले.

जूनच्या सुरुवातीला वरिष्ठ कावाबे भेटायला आला, तेव्हा मोहीम थांबवा एवढं वाक्य मुतागुचीच्या तोंडून निघालं नाही. माझ्या चेहऱ्यावरून कावाबे ओळखेल असं वाटलं होतं, हे त्याचं नंतरचं स्पष्टीकरण. कावाबेने ओळखलं नाही, मोहीम आणखी महिनाभर चालली. मेलेल्या सुमारे ३० हजार जपान्यांपैकी बहुतेक उपासमारीने आणि रोगाने गेले. त्याच्या मुख्यालयातल्या एका तरुण अधिकाऱ्याची वही जपानच्या एनएचके वाहिनीने २०१७च्या माहितीपटात दाखवली. ‘पाच हजार मारले की ते ठाणं मिळेल’ असं वरिष्ठ बोलत. त्याला आधी वाटलं शत्रूचे, मग कळलं आपलेच.

आशियाची मुक्ती? जुलै १९३७मध्ये बीजिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर गोळीबाराची परवानगी देणारा रेजिमेंट-प्रमुख हाच. चीनचं युद्ध आपण सुरू केलं असं तो स्वतःच सांगायचा. चीन आशियात येतो, एवढं भूगोलात आहे.

आणि भाषणात मराठी संदर्भच हवा असेल, तर मार्च १९४४मधली मणिपुरातली सांगशाकची लढाई घे म्हणावं. ब्रिटिश भारतीय सैन्यातल्या ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन तिथे मुतागुचीच्याच सैन्याशी लढली, आणि त्या टेकडीपायी कोहिमाकडे निघालेल्या जपान्यांचे मोलाचे दिवस वाया गेले.

राहता राहिला फोटो. तो मुतागुचीचा नाहीच. सिंगापूरच्या शरणागतीच्या वेळचा, १५ फेब्रुवारी १९४२चा आहे, आणि त्यात आहे सिंगापूर घेणारा जपानी सेनापती यामाशिता; त्याला १९४६मध्ये फिलिपीन्समध्ये फाशी झाली.