सोन्याचं घड्याळ टूथपेस्टने घासायच्या आधी हे वाचा

परत तो व्हिडिओ फिरायला लागलाय व्हॉट्सॲपवर. आजोबांचं काळं पडलेलं सोन्याचं घड्याळ दहा मिनिटांत नव्यासारखं! टूथपेस्टमध्ये खायचा सोडा घालून ब्रशने खसाखसा घासा, कुठे हिरवं दिसलं तर लिंबू-मीठ चोळा, मग कोमट पाण्यात बुडवून धुवा आणि रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवा. आमच्या फॅमिली ग्रुपवर लगेच तीन जणांनी 'मस्त, करून बघते' लिहिलं, म्हणून हा एवढा मोठा मेसेज.

पहिलं म्हणजे सोनं काळं पडलं हेच मुळात गंडलंय. काळी पडते ती चांदी, देव्हाऱ्यातली भांडी आपण टूथपावडरने घासतो ती त्यासाठी, आणि तीच सवय इथे चिकटवलीय. घड्याळावरचा काळा थर म्हणजे घाम, त्वचेचा मळ, साबण, टाल्कम पावडर आणि धूळ यांचं वर्षानुवर्षं साचलेलं किटण, ते सोन्याच्या वर बसलेलं असतं. ते नुसतं उचलून काढायचं, खालचं सोनं घासायची गरजच नाही.

आणि मुळात घड्याळ सोन्याचं आहे का ते तरी बघा. उलटं करून मागच्या झाकणावर 'स्टेनलेस स्टील बॅक' असं इंग्रजीत कोरलेलं असेल तर पुढचा भाग बहुतेक वेळा पितळ, वर सोन्याचं पाणी. लग्नात मिळालेली एचएमटीची सोनेरी घड्याळं अशीच. काही जुन्या स्विस घड्याळांवर, पट्टा अडकतो त्या कानांच्या आसपास '20 मायक्रॉन' (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लिहिलेलं सापडतं, आणि तो बऱ्यापैकी जाड मुलामा समजतात. आपल्या डोक्यावरचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे बघा. स्वस्तातल्या घड्याळांवर तर एक मायक्रॉनसुद्धा नसतो. टूथपेस्टमध्ये घासण्यासाठीच पूड घातलेली असते, ती आधी कडांवरचं सोनं खाते. 750 किंवा 585 चा शिक्का असेल तर अनुक्रमे 18 आणि 14 कॅरेटचं खरं सोनं, पण त्यावरही बारीक चरे पडतातच.

टूथपेस्टच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी आहे. जुन्या घड्याळांची काच बऱ्याचदा ॲक्रेलिकची असते, तिच्यावरचे बारीक ओरखडे टूथपेस्टने खरंच जातात. पण फक्त काचेवर, केसला म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाला लागू न देता. आणि तिला नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही लावू नका, पांढरी पडते, तडकते.

लिंबू-मीठाने हिरवं निघतं, नाही कोण म्हणतंय. पण हिरवं दिसतंय म्हणजे तिथला मुलामा आधीच गेलाय आणि पितळातलं तांबं बाहेर आलंय. आंबट रस त्याच फटीतून मुलाम्याच्या खाली शिरतो, मीठ तिथेच अडकून बसतं आणि थोड्या दिवसांनी परत हिरवं, या वेळी जास्त.

सगळ्यात डेंजर ते कोमट पाणी. जुन्या घड्याळात चावीपाशी (बाजूला असते ती फिरवायची कळ) किंवा झाकणाला रबर असलंच तर ते कडक होऊन गेलेलं असतं, आणि कोमट पाण्यात आतली हवा फुगून बाहेर पडते, मग घड्याळ गार झालं की तेवढीच जागा भरायला बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. मशीनमध्ये पाणी गेल्यावर तांदूळ काहीच करत नाही हो, रात्रभरात गंज चढायला सुरुवात होते. काचेच्या आतून वाफ दिसली की त्याच दिवशी घड्याळवाल्याकडे जायचं. हेअर ड्रायर पण नको.

घरी करायचंच असेल तर चावी आत दाबलीय ना ते बघा, पट्टा काढा (चेन असेल तर ती वेगळी साबणाच्या पाण्यात धुतली तरी चालते, चामड्याचा पट्टा नाही). कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा, कानांमधलं आणि चावीखालचं किटण लाकडी टूथपिकने हळू उकरा, मग भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळा आणि पुसा, परत नुसत्या ओल्याने, परत कोरड्याने. बास. झाकण उघडायच्या फंदात पडू नका, ते काम ऑइलिंगला दिल्यावर घड्याळवाला करेल.

पितळ उघडं पडलंच असेल तर ते घासून काही परत येत नाही, परत सोन्याचं पाणी चढवावं लागतं, आणि त्यासाठी मशीन, डायल, काटे, काच सगळं आधी घड्याळवाल्याकडून काढून नुसती रिकामी केस द्यायची. अख्खं घड्याळ तसंच घेऊन 'देतो करून' म्हणणारा भेटला तर त्याला देऊ नका.