‘आबेत्सेदा’तली ती बाई मॉडेल नव्हती

प्रागच्या ‘आबेत्सेदा’ (चेक भाषेत ‘मुळाक्षरं’) या पुस्तकाची पानं अधूनमधून फिरत असतात. घट्ट टोपी घातलेली बाई, जोडीला भलंमोठं अक्षर, आणि खाली ठरलेला मजकूर: ‘1926 मध्ये कारेल तायगेने एका मॉडेलकडून शरीराची अक्षरं करून घेतली, त्यावर नेझ्वलने कविता लिहिल्या.’ एका वाक्यात तीन चुका.

आधी ‘मॉडेल’. ती मिल्चा मायेरोवा (1901–1977), हॅम्बर्गला आधुनिक नृत्याचे गुरू रुडॉल्फ लाबान यांच्याकडे शिकून आलेली नर्तकी. पुढे प्रागमध्ये स्वतःची नृत्यशाळा चालवली. पुस्तकाच्या उपशीर्षकातच ‘मिल्चा मायेरोवाची नृत्यरचना’ असं छापलेलं आहे. तायगेची टायपोग्राफी, म्हणजे अक्षरांची मांडणी, आणि कारेल पास्पाचे फोटो. श्रेय लपवलेलं नाही, वाचायचे कष्ट कुणी घेत नाही एवढंच.

कवितांचा क्रम तर साफ उलटा. वीत्येझ्स्लाव नेझ्वलने त्या, एका अक्षराला एक चारोळी अशा, लिहिल्या 1922 मध्ये, संग्रहात आल्या 1924 मध्ये. एप्रिल 1926 मध्ये प्रागच्या ‘मुक्त रंगमंचा’वर नेझ्वलसाठी झालेल्या कार्यक्रमात मायेरोवाने त्या नाचून दाखवल्या. पुस्तक त्यानंतरचं.

आता ‘शरीराची अक्षरं’. दोन हात, दोन पाय, एक कणा एवढ्या भांडवलात T, Y, X जमतात. B आणि R ला अंग कुठून आणायचं? पण ती नाचत होती चारोळी, नुसतं अक्षर नव्हे. ‘A’ बघा. पहिल्या ओळीत A म्हणजे साधी झोपडी. दुसरीत ताडांना विनवणी, की तुमचं विषुववृत्त प्रागच्या व्ल्टावा नदीवर घेऊन या. तिसरीत घरातून शिंगं बाहेर काढणारी गोगलगाय. चौथीत डोकं कुठे टेकावं हे न कळणारा माणूस. या चार गोष्टी एका पोझमध्ये मावत नाहीत. एकीतून दुसरीत जावं लागतं. लाबानच्या तालमीत नेमकं हेच घोटून घेत: शरीराभोवतीच्या अवकाशात वर-खाली, पुढे-मागे आणि तिरप्या दिशा पक्क्या धरायच्या, आणि एका दिशेतून दुसरीत जाण्याचे क्रम गायक पलटे घोटतात तसे घोटायचे.

पुस्तकात उरला तो त्या ओघातला एखादा क्षण. शेजारी तायगेचं अक्षर असल्यामुळे आपली नजर अंगात तोच आकार शोधत बसते. झाकून बघा, बऱ्याच पानांवर अक्षर ओळखता येणार नाही.

म्हणूनच फोटो बघून हा नाच ‘पुन्हा उभा’ करणाऱ्यांची गाडी अडते. कोन हुबेहूब जुळतात, पण वजन आधी कुठल्या पायावर होतं, हात वरून आला की बाजूने, किती वेळ थांबला, हे फोटो सांगत नाही. हालचाली कागदावर टिपण्याची लाबानची नृत्यलिपी प्रसिद्ध झाली ती 1928 मध्ये, म्हणजे या नाचाच्या वेळी ती छापून आलेली नव्हती. मधले दुवे नव्यानेच रचावे लागतात, आणि अशा प्रयोगाच्या पत्रिकेत तसं लिहायला हवं.