रूढ उपचारही तपासायला हवेत
आजारी मुलांवर चाचण्या करण्यापेक्षा डॉक्टरांच्या अनुभवावर विसंबावे, हे लेखातील मत पटले नाही. तीव्र संसर्गाने हातपाय गार पडलेल्या मुलाला शिरेतून झपाट्याने सलाइन देणे ही सर्वमान्य पद्धत होती. परंतु युगांडा, केनिया आणि टांझानियातील ३,१४१ मुलांवर झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फीस्ट’ चाचणीत असे सलाइन दिलेल्या गटात ४८ तासांतील मृत्यूचे प्रमाण १०.५ टक्के, तर न दिलेल्या गटात ७.३ टक्के आढळले. पहिल्या तासात रक्ताभिसरण सुधारलेले दिसे, त्यामुळे खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरांना (खरे तर कोणालाही) शंका येणे अवघडच होते. अर्थात, जुलाबाने पाणी कमी झालेली मुले या चाचणीत नव्हती. त्यांना सलाइन नाकारण्यासाठी हा दाखला देऊ नये.