पाणी कुठनं जातंय, हे आधी विचारा

जुलै 2021 मध्ये दोन आठवड्यांत मी दोन पूर पाहिले. 14 तारखेच्या रात्री जर्मनीतल्या आर नदीच्या खोऱ्यात आलेला. ते खोरं बॉनमधल्या माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. आणि पुढच्याच आठवड्यात फोनवर, पंचगंगेचा. आमचं गाव कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात. दादानं व्हिडिओ कॉलवर गोठ्याची भिंत दाखवली. 2019 च्या पुरानं ओढलेली गाळाची रेघ अजून तशीच होती आणि नवं पाणी तिच्या वीतभर खाली येऊन ठेपलं होतं.

आर खोऱ्यात 130 हून जास्त माणसं गेली. तिथल्या पुलांच्या कमानींत झाडं, मोटारी, कॅराव्हॅन अडकल्या, पुलांचेच बंधारे झाले आणि तुंबलेलं पाणी गावांत शिरलं. हे ऐकलं तेव्हा मला शिरोलीजवळचा महामार्गाचा भराव आठवला. 2019 मध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट असताना पाणी 55 फुटांवर गेलं होतं. त्या भरावामुळे पुराला फुग येते, तो काढून रस्ता खांबांवर घ्या, असं आमच्याकडची माणसं तेव्हापासून सांगत आहेत.

म्हणून शक्तिपीठ महामार्गाला होणारा विरोध मला आडमुठेपणाचा वाटत नाही. वर्ध्याजवळचं पवनार ते गोव्याच्या सीमेवरचं पत्रादेवी असा सुमारे 800 किलोमीटरचा हा रस्ता. 2024 च्या विधानसभा निवडणुकीआधी कोल्हापूर त्यातून वगळल्याचं जाहीर झालं, जून 2025 मध्ये मंत्रिमंडळानं प्रकल्पाला मंजुरी दिली आणि वाद पुन्हा पेटला. चर्चा मोबदल्यावर येऊन थांबते. पण दादाचा प्रश्न निराळा आहे. "पैसं देतील रं. पर रस्त्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबलं तर माझ्या उसाचं काय? आणि पाणीपुरवठा संस्थेची पाईपलाईन रस्त्याखालनं कशी न्यायची?"

"तू स्वतः ऑटोबानवरनं फिरतोस, मग गावाकडच्या रस्त्याला विरोध कशाला?" असं मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे. रस्ते हवेतच. पण इथं मोठ्या रस्त्याचे नकाशे महिनाभर लोकांसाठी खुले ठेवतात. ज्याची जमीन जाते तो लेखी हरकत घेतो, हरकतींवर अनेकदा समोरासमोर बसून चर्चा होते आणि अंतिम आदेशात त्यांच्यावर निर्णय द्यावा लागतो. मी असे नकाशे पाहायला गेलो होतो. टेबलावर जाडजूड फायली होत्या आणि एक म्हातारे शेतकरी आपल्या शेतातल्या ओढ्यावर बोट ठेवून तिथल्या बाईंना काहीतरी समजावत होते. बाई लिहून घेत होत्या.

जर्मनीत सगळं आलबेल आहे, असं मी म्हणणार नाही. जानेवारी 2023 मध्ये लिग्नाइट कोळशाच्या खाणीसाठी ल्युत्सेराथ हे गाव पोलिसांनी आंदोलकांना हटवून रिकामं केलं आणि घरं पाडली गेली. ऐकून घेतलं म्हणजे गाव वाचतंच असं नाही. पण उत्तर मिळण्याचा हक्क तरी राहतो.

आणि आपल्याकडे कायदा नाही, असंही नाही. पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेत जनसुनावणी आहे, तिच्यासाठी किमान 30 दिवसांची सूचना आहे, पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत देण्याची अट आहे. माझं म्हणणं एवढंच, की ही सुनावणी आखणी पक्की होण्याआधी व्हावी आणि ती गावात, पावसाळ्यात, पाणी डोळ्यांसमोर असताना व्हावी. पंचगंगेला मिळणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीचं पाणी कोणत्या मळीतून, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानातून, पसरतं आणि कोणत्या ओढ्यानं ओसरतं, हे तिथं राबणाऱ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

दादानं ते एका वहीत उतरवून ठेवलंय. 2019 ला पाणी कुठल्या बांधावरनं आलं, 2021 ला कुठनं, कुठल्या विहिरीत किती दिवस गाळ राहिला, कुठली मोरी तुंबली. आखणी करणाऱ्या एकाही माणसानं ती वही अजून मागितलेली नाही.