‘घराण्यात कुणीच बहिरं नाही, मग हे आनुवंशिक कसं?’

एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचं म्हणणं असं: घराण्यात कुणी बहिरं नसेल तर बाळाचा बहिरेपणा आनुवंशिक नसतो, असलाच तर तो आईकडून येतो, एक मूल तसं झालं की पुढचं सुखरूप होतं, आणि जनुकीय तपासणी म्हणजे पैशांचा चुराडा.

पहिलं विधान सगळ्यांत घातक, कारण ते पटकन पटतं. जन्मतः कर्णबधिर असलेल्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून जास्त मुलांच्या आईवडिलांना व्यवस्थित ऐकू येतं. तरीही जन्मजात बहिरेपणाच्या निम्म्याहून अधिक उदाहरणांत कारण जनुकीयच निघतं. जीजेबी२ या जनुकाचंच बघा. १३ व्या गुणसूत्रावरच्या या जनुकापासून कनेक्सिन-२६ हे प्रथिन बनतं. आतल्या कानातल्या पेशी एकमेकींना पोटॅशियम पोचवतात ते या प्रथिनाच्या सूक्ष्म नळ्यांतून. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात आणि एक जरी धड असली तरी भागतं. त्यामुळे बिघडलेली प्रत पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या लक्षातही न येता पुढे जाते. आई आणि वडील दोघांकडची बिघडलेली प्रत एकाच बाळात आली, की मगच ऐकू येत नाही. उलटही घडतं: दोघं कर्णबधिर, पण कारणीभूत जनुकं वेगवेगळी, तर मुलांना सहसा छान ऐकू येतं.

म्हणजे ‘आईकडून येतो’ हेही कोसळलं. बाळाच्या आईला बोल लावायची आपली हौस मात्र दांडगी! या दाव्यात तथ्याचा एक कण आहे, तो मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तिच्यातल्या सूक्ष्म भागांचा. त्यांचा डीएनए फक्त आईकडून मिळतो. त्यातल्या १५५५ क्रमांकाच्या जागी एका अक्षराचा बदल असेल तर जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन यांसारख्या इंजेक्शनांनी चांगलं ऐकणाऱ्याचेही कान कायमचे जाऊ शकतात. हा बदल आधी कळला, तर त्या माणसासाठीच नव्हे, आईकडच्या सगळ्या नातलगांसाठी डॉक्टरांना दुसरं औषध निवडता येतं. यालाच पैशांचा चुराडा म्हणायचं का?

‘पुढचं सुखरूप’ हा हिशोबच चुकलाय. दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असेल तर प्रत्येक गरोदरपणात शक्यता २५ टक्के, मागचं मूल कसंही असो.

जनुकीय तपासणीनं ऐकू येऊ लागत नाही, हे खरं. पण बहिरेपणासोबत दुसरं काय दडलंय ते कळतं. अशर सिंड्रोममध्ये पुढे नजरही जाऊ लागते. जेरवेल-लांग-नील्सन सिंड्रोममध्ये हृदयाची लय बिघडते. असं मूल खेळताना बेशुद्ध पडलं की लोक त्याला फिट समजतात, आणि वेळीच ईसीजी झाला नाही तर जिवावर बेततं. ओटीओएफ जनुकाच्या दोषात नवजात बाळ कानाच्या साध्या ओएई चाचणीत (आतल्या कानातून उमटणारा बारीक आवाज मोजणारी) पास होतं आणि बेरा चाचणीत (आवाजाचा संदेश मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी) पकडलं जातं. याच दोषावरच्या जनुकीय उपचारानं काही मुलांना ऐकू येऊ लागल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. हा उपचार बाकीच्या जनुकांना लागू नाही, तेव्हा त्यावरून नवा मेसेज नको.

तपासणीत काही सापडलं नाही म्हणून कारण जनुकीय नाही, असंही होत नाही. शंभराहून जास्त जनुकं यात गुंतलेली आहेत. आणि रिपोर्टची वाट बघत श्रवणयंत्र लांबणीवर टाकू नका. बहिरेपणाचं निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपाय सहाव्या महिन्याच्या आत सुरू व्हायला हवा.