रामायण-महाभारताचे ॲनिमेशन आणि आपली स्वतःची रेषा

२०२५ च्या जानेवारीत युगो साको, राम मोहन आणि कोइची सासाकी यांचा ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा तीन दशकांपूर्वीचा ॲनिमेशनपट भारतातल्या चित्रपटगृहांत लागला, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये आलेल्या ‘महावतार नरसिंह’ने भारतीय ॲनिमेशनपटांचे कमाईचे आधीचे सगळे विक्रम मोडले. नरसिंहाची कथा महाकाव्यातली नव्हे, पुराणातली. तरीही ‘कार्टून म्हणजे लहान मुलांचे काम, मोठी माणसे त्यासाठी तिकीट काढत नाहीत’ ही निर्मात्यांची जुनी सबब आता चालणार नाही. प्रेक्षक आहे, हे दिसले. मग या कथा चितारायच्या कशा, हे बोलायची वेळ आली आहे, आणि त्याबद्दलचे माझे मत मी इथे सविस्तर मांडतो.

साको हे मूळचे माहितीपटकार. रामायणात उल्लेख असलेल्या शृंगवेरपूर येथे पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी केलेल्या उत्खननावर माहितीपट करण्यासाठी ते १९८३ मध्ये भारतात आले आणि रामायणाने त्यांना कायमचे बांधून घेतले. राम हा देव आहे, त्यामुळे एखाद्या नटाने त्याची भूमिका करण्यापेक्षा त्याचे चित्र काढणेच योग्य, अशी त्यांची धारणा होती. परदेशी माणसाने रामायणाला हात घालू नये म्हणून विरोध झाला, तरी ते मागे हटले नाहीत. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात १९५६ पासून घडलेले राम मोहन त्यांना लाभले. वेशभूषा, वास्तू, उठण्याबसण्याच्या पद्धती भारतीय चमूने जपानी चित्रकारांना समजावून दिल्या, वसंत देवांनी संस्कृत गीते लिहिली, वनराज भाटियांनी संगीत दिले. या चित्रपटातले मोठे डोळे आणि निसर्गाची पार्श्वचित्रे जपानी वळणाची आहेत, हे लपत नाही. पण देवाला नटाचा चेहरा द्यायचा नाही, हा मूळ विचार इतका पक्का आहे की ती रेषा परकी असूनही खटकत नाही.

आपल्याकडे त्यानंतर काय झाले? २०१३ च्या ‘महाभारत’ या ॲनिमेशनपटात भीष्मांना अमिताभ बच्चन यांचा आवाज होता, द्रौपदीला विद्या बालनचा, आणि पात्रांचे चेहरेसुद्धा आवाज देणाऱ्या कलावंतांवरून बेतले होते. कुठलाही चेहरा काढण्याची मुभा ज्या माध्यमात आहे, तिथे ओळखीचे चेहरे संगणकावर पुन्हा घडवायचे, याला मी कल्पनेचे दारिद्र्य म्हणतो. त्याआधी २०१२ मध्ये अर्णव चौधुरी यांनी ‘अर्जुन: द वॉरियर प्रिन्स’ केला. त्यात शैली होती, धाडसाची रंगसंगती होती, संपूर्ण महाभारत कोंबण्याऐवजी विराटाच्या युद्धाशी थांबण्याचे शहाणपण होते. प्रेक्षकांनी त्याकडे पाठ फिरवली, याची मला आजही हळहळ वाटते. चौधुरी २०१९ मध्ये गेले.

देवादिकांची एकच ठरावीक प्रतिमा आपल्या मनात का रुतली आहे, याचे कारण आपल्याच दारात आहे. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या तसबिरी घरोघरी देवघरांत पोहोचल्या. दादासाहेब फाळके काही काळ त्याच छापखान्यात होते. ‘लंकादहन’ करणाऱ्या माणसाची दृष्टी अशा वातावरणात तयार झाली. पुढे कॅलेंडरे आली, चित्रकथा आल्या, १९८७ मध्ये रविवारच्या सकाळी दूरदर्शनवर रामायण आले. रविवर्म्यांची कला थोरच आहे, पण ती तैलरंगातल्या वास्तववादी देहाची कला आहे, आणि आजचे थ्रीडी ॲनिमेशन तिच्यावर फक्त पीळदार स्नायू आणि लखलखाट चढवते.

रविवर्म्यांच्या आधीपासून चालत आलेली चित्रे बघायची असतील तर कुडाळजवळच्या पिंगुळीला जावे. तिथल्या ठाकर समाजाच्या चित्रकथी परंपरेत कागदावरची चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात आणि एका आख्यानाच्या अशा चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. चेहरे बहुधा एका बाजूने काढलेले, डोळे टपोरे, वस्त्रांवर बारीक नक्षी, आणि पार्श्वभूमी जवळजवळ रिकामी. कथेकरी एक चित्र समोर धरतो आणि वीणा, हुडुक, टाळांच्या साथीने त्यावर बराच वेळ बोलतो, गातो. चित्र स्थिर असते, प्रसंग आवाजाने पुढे सरकतो. याच मंडळींकडे चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही आहे. पडद्यामागे दिवा, त्यावर हलणाऱ्या रावण-मारुतीच्या आकृत्या. हे ॲनिमेशन नाही तर दुसरे काय आहे? ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, याचा आनंद आहेच, पण ॲनिमेशन शिकवणाऱ्या आपल्या किती संस्थांत ही रेषा गिरवून घेतली जाते?

‘असे काही वेगळे केले तर भावना दुखावतील’ ही भीती मला मान्य नाही. मोरोपंतांनी रामकथा कितीतरी छंदांत आणि रचनाबंधांत पुन्हा पुन्हा लिहिली. त्यांनी निरोष्ठ रामायण रचले, म्हणजे ओठ मिटून उच्चारायचे एकही अक्षर न वापरता रामकथा सांगितली. एवढी मोठी कसरत त्यांनी निखळ भक्तीने केली आणि मराठी माणसाने ती डोक्यावर घेतली. नाथांचे भावार्थ रामायण, श्रीधरांचा पांडवप्रताप घराघरांत वाचले गेले, ते वाल्मीकी-व्यासांची शब्दशः नक्कल म्हणून नव्हे.

आणि भाषेचे काय? जानेवारीत लागलेले रामायण इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगूत होते, आणि नरसिंह पाच भारतीय भाषांत आला. या दोन्हींत मराठी नव्हती. आपण मागितलेच नाही, म्हणून ती आली नाही, असे मला वाटते.

सगळे महाभारत कोणी करू नये. सभापर्वातला एक प्रसंग घ्यावा. द्यूत संपले आहे, आणि दुर्योधन द्रौपदीला आणायला प्रातिकामी नावाच्या सेवकाला पाठवतो. ती यायला नकार देते आणि त्यालाच प्रश्न देऊन परत धाडते: युधिष्ठिराने आधी स्वतःला हरले की मला? तो सभेत येऊन विचारतो, युधिष्ठिर काहीच बोलत नाही, आणि त्या सेवकाला पुन्हा हेलपाटा पडतो. पडद्यावर आपण बहुधा थेट वस्त्रहरणाकडे धावतो आणि हा घाबरलेला निरोप्या वगळतो. सभा आणि अंतःपुर यांच्यामधली त्याची ये-जा, रिकाम्या पार्श्वभूमीवर एका बाजूने दिसणारा त्याचा चेहरा, मागे हुडुक आणि पांडवप्रतापाच्या वळणाची मराठी ओवी. पंधरा मिनिटांचा लघुपट यात सहज होतो. पुण्या-मुंबईतल्या ॲनिमेशनच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी पिंगुळीच्या कलावंतांना रीतसर मानधन आणि श्रेय देऊन हे करणार असेल, तर मला कळवावे. वर्गणी गोळा करायचे काम मी आनंदाने अंगावर घेईन.