काचेचं गॅरेज-दार आणि एनर्जी कोड: ‘आपल्याला लागू नाही’ हे कधी खरं, कधी खोटं

अमेरिकेत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांमध्ये एक सल्ला बराच फिरतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण गाभा असा: “गॅरेजचं जुनं पत्र्याचं दार काढा, अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीचं पूर्ण काचेचं दार बसवा. भरपूर उजेड येतो, गॅरेजची मस्त खोली होते. गॅरेजच्या दाराला एनर्जी कोड (इमारतीतून उष्णता किती आत-बाहेर जाऊ द्यायची याचे नियम) लागू होत नाही. डबल काच घ्या, माहितीपत्रकावर आर-व्हॅल्यू (उष्णता अडवण्याची ताकद) चांगली आहे ना बघा, म्हणजे थंडीची काळजी नको. काच दुधी घेतलीत तर उन्हाचीही नको. आणि इन्स्पेक्टर तिकडे ढुंकूनही बघत नाही.”

सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण अशा खोल्यांमध्ये कोण राहतं? सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले आई-वडील, नाहीतर घरून काम करणारं कुणीतरी. दिवसाचे दहा-बारा तास माणूस त्या दाराशेजारी बसणार असेल, तर या सल्ल्यातलं प्रत्येक वाक्य तपासून घ्यायला हवं.

“गॅरेजच्या दाराला कोड लागू होत नाही.”

हे वाक्य एका अटीवर खरं आहे आणि ती अटच सल्ल्यातून गळालेली असते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांचा निवासी एनर्जी कोड आयईसीसी या नमुना-कोडवर बेतलेला आहे. कॅलिफोर्नियाचा स्वतःचा टायटल २४, भाग ६ आहे. दोन्ही कोड दाराचं नाव विचारत नाहीत. ते विचारतात की गरम किंवा थंड केलेल्या जागेची हद्द कुठे आहे. नेहमीच्या घरात गॅरेज तापवलेलं नसतं, त्यामुळे ही हद्द घर आणि गॅरेज यांच्यामधल्या भिंतीवरून जाते. इन्सुलेशन त्या भिंतीत हवं, आणि घरातून गॅरेजमध्ये जायचं छोटं दारही कोडात बसायला हवं. गाडी आत घ्यायचं मोठं दार हद्दीच्या बाहेर राहतं. ते काचेचं आहे की पत्र्याचं, याच्याशी एनर्जी कोडला कर्तव्य नाही. तुम्ही तिथे फक्त गाडी ठेवणार असाल, तर सल्ला बरोबर आहे. हवं ते दार लावा.

खोली करायचं ठरलं की हद्द सरकते आणि मोठं दार तिच्यावर येतं. आयईसीसीत स्पष्ट लिहिलं आहे की पूर्वी न तापवलेली जागा तापवायला किंवा गार करायला घेतली, तर ती कोडनुसार पूर्ण करून घ्यावी लागते. कॅलिफोर्नियात अशी जागा घराची वाढ म्हणून धरली जाते. भिंतीवर मिनी-स्प्लिट, म्हणजे खोली गरम-थंड करणारा एसी, बसवला की ती तापवलेली जागा ठरलीच. पण आयईसीसीच्या व्याख्येत अप्रत्यक्षपणे तापणारी जागाही येते. घराशी उघड्या वाटेनं जोडलेली, मध्ये इन्सुलेशन नसलेली भिंत असलेली, किंवा जिच्यातून इन्सुलेशन न केलेले गरम-थंड हवेचे डक्ट जातात अशी जागा म्हणजे ती. “आम्ही वेगळा हीटर लावलाच नाही” एवढं म्हणून सुटका होत नाही.

शिवाय झोपायची खोली म्हणून मंजुरी हवी असेल, तर निवासी बांधकाम कोड म्हणतो की थंड हवामानात राहत्या खोलीत ६८ अंश फॅरनहाइट राखणारी कायमची सोय हवी. प्लगला लावायचा फिरता हीटर त्यात मोजला जात नाही, हे तिथे वेगळं नमूद केलेलं आहे. म्हणजे ती खोली कागदावर बेडरूम आणि एनर्जी कोडसाठी न तापवलेलं गॅरेज, अशी दोन्ही असू शकत नाही. आई-वडिलांना तिथे झोपवायचं असेल, तर ती तापवलेली जागाच आहे.

“दार ते दार. खिडकीचे नियम त्याला कसे लागतील?”

लागतात. निवासी आयईसीसीत खिडक्या, सरकती काचेची दारं आणि अगदी बंद लाकडी दारंसुद्धा एकाच वर्गात मोडतात आणि त्यांना एकच यू-फॅक्टरची मर्यादा असते. यू-फॅक्टर म्हणजे एक चौरस फुटातून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, तासाला किती बीटीयू (उष्णतेचं एकक) उष्णता निसटते तो आकडा. कमी तितका चांगला. व्यापारी इमारतींच्या भागात सीमारेषा आणखी नेमकी आहे: दाराचा निम्म्याहून जास्त भाग काच असेल, तर ते खिडकीत जमा. पूर्ण काचेच्या गॅरेज-दारात चौकटीच्या पट्ट्या सोडल्या तर सगळी काचच असते.

सवलती आहेत, पण इवल्याशा. आयईसीसी दर घरामागे १५ चौरस फूट काचेला सूट देतो, शिवाय बिजागरीच्या एका बंद दाराला २४ चौरस फुटांपर्यंत. दोन गाड्यांचं नेहमीचं दार १६ बाय ७ फूट, म्हणजे ११२ चौरस फूट असतं.

“डबल काच घेतली की झालं.”

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यानं होतं. २०२१च्या आयईसीसीत उत्तर टेक्सासपासून न्यू जर्सी, शिकागोपर्यंतच्या हवामान-पट्ट्यांत खिडक्या-दारांची मर्यादा ०.३० आहे. ह्यूस्टनच्या पट्ट्यात ती ०.४० आहे. (टेक्सासनं राज्यभरासाठी ठेवलेली किमान पातळी जुन्या, २०१५च्या आवृत्तीची आहे. अनेक शहरं पुढे गेली आहेत, त्यामुळे आपल्या शहराची आवृत्ती आधी विचारावी.) कॅलिफोर्नियाच्या २०२२च्या टायटल २४मध्येही ठरीव मार्गानं, म्हणजे प्रत्येक भागाची नेमून दिलेली मर्यादा पाळून, जायचं तर ती ०.३०च होती.

आता, दाराची अधिकृत चाचणी झालेली नसेल तर तपासणारा काय धरतो? कोडातच एक तक्ता आहे. धातूची चौकट आणि एकेरी काच असेल तर १.२०. धातूची चौकट आणि डबल काच असेल तर ०.८०. धातूच्या चौकटीत आतली आणि बाहेरची बाजू तोडणारा, उष्णता अडवणारा तुकडा असेल, ज्याला धंद्यात थर्मल ब्रेक म्हणतात, तर डबल काचेला ०.६५. म्हणजे डबल काच घेऊनही साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या दाराचा आकडा मर्यादेच्या अडीचपटीहून जास्त भरतो.

कारण काचेत कमी आणि चौकटीत जास्त आहे. आर्गॉन वायू भरलेल्या, लो-ई (उष्णता परतवणारा पातळ) लेप दिलेल्या चांगल्या डबल काचेच्या मधोमध यू-फॅक्टर ०.२५च्या आसपास येतो. विक्रेता हाच आकडा सांगतो आणि तो खोटा नसतो. पण अ‍ॅल्युमिनियम काचेपेक्षा शंभराहून अधिक पट वेगानं उष्णता वाहून नेतं. गॅरेज-दार एकसंध नसतं. चार-पाच आडवे भाग बिजागऱ्यांनी जोडलेले असतात, प्रत्येक भागाला वर-खाली-उभी धातूची पट्टी असते. काच थोपवते ती उष्णता या पट्ट्यांमधून निघून जाते, अंगात जाड स्वेटर आणि पायांत काहीच नाही, असं काहीसं.

हिशेब करून बघा. न्यू जर्सीतली जानेवारीची रात्र, आत ७०, बाहेर २० अंश, फरक ५०चा. ०.८०चं ११२ चौरस फुटांचं दार तासाला ४,४८० बीटीयू बाहेर टाकतं. ०.३०चं असतं तर १,६८०. त्याच मापाच्या, २०२१च्या कोडाप्रमाणे बांधलेल्या भिंतीतून, जिचा यू-फॅक्टर ०.०४५ असतो, फक्त २५२. एक दार अशा सतरा-अठरा भिंतींइतकी उष्णता घालवतं. बिल तर वाढतंच, पण दाराजवळ बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला थर्मोस्टॅटवर ७० दिसत असताना थंडी वाजते, कारण त्याचं शरीर समोरच्या गार काचेकडे उष्णता देत असतं. थर्मोस्टॅट दोन अंशांनी वाढवून ती थंडी जात नाही.

“माहितीपत्रकावर आर-व्हॅल्यू चांगली आहे.”

आर-व्हॅल्यू कशाची, हे विचारा. गॅरेज-दारांच्या जाहिरातीतली आर-व्हॅल्यू बहुधा पॅनेलच्या मधल्या, फोम भरलेल्या भागाची असते. कडा, सांधे, पट्ट्या, काच यांचा त्यात समावेश नसतो. पूर्ण काचेच्या दारात फोम असलाच तर पट्ट्यांच्या पोकळीत असतो, मग तो आकडा दाराच्या किती भागाबद्दल बोलतो?

कोड आर-व्हॅल्यू मागतच नाही. तो पूर्ण दाराचा यू-फॅक्टर मागतो, आणि गॅरेज-दारासाठी तो मोजायच्या दोनच पद्धती मानतो: एनएफआरसी १०० किंवा डास्मा १०५. पहिली खिडक्या-दारांचं मानांकन करणाऱ्या संस्थेची आहे, दुसरी गॅरेज-दार बनवणाऱ्यांच्याच संघटनेची आहे, त्यामुळे “हे खिडकीवाल्यांचे नियम आमच्यावर लादले” असं कुणी म्हणू शकत नाही. विक्रेत्याकडे या दोहोंपैकी एकाचा, तुम्ही घेताय त्याच काचेचा आणि चौकटीचा अहवाल नसेल, तर नकाशे तपासताना वरच्या तक्त्यातला आकडा लागतो. माहितीपत्रकावर काहीही छापलेलं असो.

“दुधी काच घेतली की ऊन लागत नाही.”

दुधी काच नजर अडवते. उजेड पसरवते. उष्णता मात्र जवळपास साध्या काचेइतकीच आत सोडते. उन्हाची उष्णता किती आत येते, याचा आकडा एसएचजीसी. दक्षिणेकडच्या गरम पट्ट्यांत आयईसीसी तो ०.२५पर्यंत ठेवायला सांगतो. सॅन होजे, सनीव्हेल ज्या पट्ट्यात येतात, तिथे कॅलिफोर्नियाचा २०२२चा कोड ०.२३ म्हणत होता. चाचणी नसलेल्या साध्या डबल काचेला आयईसीसीचा तक्ता ०.७० धरतो.

पश्चिमेला तोंड असलेलं दार, उन्हाळ्यात संध्याकाळी पाचची वेळ, दर चौरस फुटावर सुमारे २०० बीटीयू ऊन. ०.७०ने ढोबळमानाने १५,६८० बीटीयू तासाला आत येतात. एक टनाचा एसी तासाला १२,००० बीटीयू काढतो. म्हणजे सव्वा टनाहून जास्त एसी फक्त या दाराशी झगडत राहणार. डॅलसमध्ये ऑगस्टमध्ये अशा खोलीत दुपारी कुणी बसू शकत नाही. ऊन अडवायचं तर लो-ई लेप हवा, तोही गरम हवामानासाठीचा, आणि त्याचा पूर्ण दाराचा एसएचजीसी लेखी हवा.

हवेच्या गळतीबद्दल थोडक्यात. सरकत वर जाणाऱ्या दाराला भागांमधले सांधे आणि चारही कडा मिळून सत्तर-ऐंशी फुटांहून लांब फटी असतात. व्यापारी कोड चाचणीच्या दाबाखाली दर चौरस फुटाला ०.४० घनफूट प्रति मिनिट इतकी गळती गॅरेज-दाराला चालवून घेतो, ११२ चौरस फुटांना जवळजवळ ४५. नव्या घराची ब्लोअर-डोअर चाचणी (पंख्यानं दाब देऊन हवेची गळती मोजणारी) व्हायची असेल आणि हे दार हद्दीवर असेल, तर चाचणीत नापास होण्याचं पहिलं कारण तिथेच शोधावं.

“इन्स्पेक्टर बघत नाही.”

परवाना न काढता केलेलं काम इन्स्पेक्टर बघत नाही, हे खरं. पण घर विकताना कॅलिफोर्नियात विक्रेत्याला परवान्याशिवाय केलेल्या वाढी आणि बदल लेखी जाहीर करावे लागतात. परवाना काढला, तर खोलीच्या नकाशांबरोबर ऊर्जेचे कागद जातात आणि एवढ्या मोठ्या काचेचा आकडा त्यात लपत नाही.

रेस्टॉरंट काढणाऱ्यांनी हा मुद्दा जास्त गांभीर्यानं घ्यावा. पॅटिओकडे उघडणारी काचेची ओव्हरहेड दारं आता बऱ्याच ठिकाणी दिसतात. ती जागा पहिल्या दिवसापासून तापवलेली-थंड केलेली असते, त्यामुळे ‘गॅरेज’ या सबबीला तिथे वावच नाही. २०२१च्या आयईसीसीत आणखी एक अट आहे: ४० चौरस फुटांहून मोठं उघडणारं दार एसी-हीटिंगशी जोडलेलं हवं. दार उघडं राहिलं तर दहा मिनिटांच्या आत कूलिंग सुरू व्हायचं तापमान ९० अंशांवर आणि हीटिंगचं ५५ वर सरकायला हवं. स्वयंपाकघराच्या वेगळ्या झोनसारखे काही अपवाद आहेत, बसायच्या जागेला नाहीत. मालकानं दार आधी मागवलं आणि ही वायरिंग नंतर कळली, तर भिंती पुन्हा उघडाव्या लागतात.

या सगळ्यावरून काहीजण उलटं टोक गाठतात, “मग काचेचं दार कोडात बसतच नाही.” तेही चूक. आयईसीसीत संपूर्ण घराचा मिळून हिशेब करायची मुभा आहे. चौथ्या-पाचव्या हवामान-पट्ट्यात (न्यू जर्सी, शिकागो) घरातल्या सगळ्या काचांची क्षेत्रफळानुसार सरासरी ०.४८ पर्यंत जाऊ शकते, फक्त जादा गळणारी उष्णता छतात किंवा भिंतीत भरून काढावी लागते. समजा थर्मल ब्रेकचं ०.६५चं दार ११२ चौरस फूट आणि ०.२७च्या खिडक्या २०० चौरस फूट. सरासरी ०.४१च्या जवळ येते. दार पास होऊ शकतं, पण छताचं इन्सुलेशन वाढवायचा खर्च त्याच्याबरोबर येतो. तो कोटेशनमध्ये कुणी धरत नाही.

माझं मत विचाराल तर आई-वडिलांच्या खोलीसाठी उघडझाप होणारं गॅरेज-दार घेऊच नये. ती खोली गॅरेजसारखी सताड उघडायची गरज कुणाला असते? दाराची उघडी बाजू इन्सुलेशनसह भिंत बांधून बंद करा आणि तिच्यात एनएफआरसीचं लेबल असलेलं ०.३०च्या आतलं सरकतं काचेचं दार बसवा. उजेड तेवढाच मिळतो, फटी फार कमी, आणि आकडा लेबलावरच छापलेला असतो. गॅरेज-दाराचा बाहेरचा देखावा ठेवायचाच असेल, तर ते जागेवर राहू द्या आणि आतून पूर्ण इन्सुलेट केलेली भिंत उभी करा. मग हद्द त्या भिंतीवर येते आणि दाराच्या काचेचा प्रश्न उरत नाही, पण उजेडासाठी बाजूच्या भिंतीत खिडकी काढावी लागेल. आणि काचेचं गॅरेज-दारच हवं असेल, तर आगाऊ पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून डास्मा १०५ किंवा एनएफआरसी १०० प्रमाणे पूर्ण दाराचा यू-फॅक्टर, आणि एनएफआरसी २०० प्रमाणे एसएचजीसी, लेखी घ्या, आणि तो कागद सही करण्याआधी नकाशे करणाऱ्याला दाखवा.